भिंतीवरचे साडेनऊ

माझं काम काय ते सांगायला लागले की समोरच्याला जांभई येते, म्हणून हल्ली मी सांगतच नाही. पण त्या कामावाचून ही गोष्ट सांगता येणार नाही, तेव्हा थोडी कळ काढा.

आमची कंपनी एक डबा बनवते. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांच्या घरात तो भिंतीवर बसतो. साबणाच्या वडीएवढा पडदा, खाली चार बटणं. घरातली ऊब, दिवे, स्वतःच्या बोलण्याचा आवाज हे सगळं तो सांभाळतो. सकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत झोपायच्या खोलीचं दार उघडलं नाही, तर तो विचारतो, "आपण ठीक आहात का? हिरवं बटण दाबा." कुणी दाबलं नाही तर शेजाऱ्याला फोन लावतो. अशा प्रत्येक डब्याची एक नोंद दूर कुठेतरी सर्व्हरवर असते. ऊब किती, आवाज किती, सकाळची वेळ कोणती, फोन कुणाला. आमच्याकडे ह्याला गुणधर्म म्हणतात. मोबाइलवरच्या ॲपला ते गुणधर्म वाचायचे असोत की बदलायचे, त्याने एपीआय नावाच्या खिडकीतून यायचं. त्या खिडकीत काय मागायचं, काय द्यायचं, कसं द्यायचं, ह्याच्या सूचना मी लिहिते. मी प्रोग्रॅमर नाही. मी प्रोग्रॅमर लोकांसाठी लिहायचं आणि त्यांनी ते वाचायचं नाही, असा आमचा जुना समझोता आहे.

खिडकीचा नियम तसा सोपा. आधी पूर्ण नोंद मागून घ्यायची, तिच्यात हवा तो बदल करायचा आणि पूर्ण नोंद परत पाठवायची. एक आकडा बदलला तरी सगळीच्या सगळी पाठवायची. सर्व्हर जुनी पुसतो, नवी ठेवतो. नोंद मागितली केव्हा आणि परत पाठवली केव्हा, ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आमच्यात एक प्रोग्रॅमर आहे, बारा महिने गळ्याला मफलर. त्याला आम्ही मफलरच म्हणतो. त्याने एका मीटिंगमध्ये सांगितलं होतं, "एकाच घराला दोन माणसं हात लावणार असतील तर गोंधळ होईल. प्रत्येक नोंदीवर एक खूण ठेवू. बदल पाठवणाऱ्याने आपण कुठल्या खुणेची नोंद वाचली ते सांगायचं. मधल्या काळात खूण बदलली असेल तर सर्व्हरने नाही म्हणायचं. आधी पुन्हा वाच, मग लिही." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या साहेबांचं नाव आम्ही 'पुढच्या खेपेला' असं ठेवलंय, कारण त्यांच्या तोंडून दुसरं काही निघत नाही. ते म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. पुढच्या खेपेला घेऊ. तोवर सूचनांमध्ये एक ओळ टाका." ती ओळ मी टाकली. 'बदल करण्यापूर्वी ताजी नोंद वाचून घ्यावी.' चहा प्यायले आणि विसरले.

आईच्या भिंतीवर डबा मीच बसवला. बाबा गेल्यावर ती एकटीच राहायची. आपलं घर सोडून ती कुठे जाणार नव्हती आणि आम्हा दोघा भावंडांपैकी कुणाचं घर तिच्या घराजवळ नव्हतं. आईने सबंध आयुष्य औषधांच्या दुकानात काढलं, काउंटरच्या आत. डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चुकीची बाटली तिच्या हातून कधी गेली नाही, आणि हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवायची. डबा बसवताना तिने मला विचारलं होतं, "ह्यात माझी माहिती असते म्हणतेस, ती काय?"

"तुझे गुणधर्म," मी म्हटलं.

"लग्नात सासूबाईंनी विचारले होते, त्यानंतर आजच कुणीतरी विचारतंय," आई म्हणाली.

चार बटणं तिला एका दुपारीत पाठ झाली. माझ्या मोबाइलवर ॲप, दादाच्या मोबाइलवर ॲप. दादा पुलांची तपासणी करणाऱ्या खात्यात आहे, त्यामुळे त्याला ज्यात त्यात तडा दिसतो. त्याचा जीव आईवर, माझाही आईवर, आणि दोघांनाही तिच्याकडे जायला सवड नाही. तेव्हा जे काय प्रेम करायचं ते आम्ही अंगठ्याने करायचो. थंडी वाढली की तो तिच्या घराची ऊब वाढवायचा. अंधार पडायला लागला की मी तिच्या जिन्याकडचा दिवा लावायचे. आपण लांब राहूनही काहीतरी करतोय असं वाटायचं, आणि खरं सांगते, त्या वाटण्यावर बरेच दिवस निघाले.

मग कुरबुरी सुरू झाल्या. दादाचा फोन यायचा. "मी ऊब बावीसवर ठेवली होती. तू वीस का केलीस?"

"मी उबेला हातही लावला नाही. मी दिवा लावला."

"मग आपोआप कमी झाली का?"

"मला काय माहीत? माझा दिवा विझवला तो कुणी, भुताने?"

लहानपणी पांघरुणावरून भांडायचो तसे आम्ही भांडायचो, दोघंही पन्नाशीच्या आगेमागे. शेवटी दमून दोघांनी मिळून एक निष्कर्ष काढला. आईच काहीतरी दाबत असणार. भांडण मिटवायला घरात तिसरं माणूस असलेलं फार सोयीचं पडतं.

त्यातच सकाळचं प्रकरण सुरू झालं. डब्यावर सकाळची वेळ सातची होती. बसवताना ती मीच ठेवली होती, कारण आई जन्मभर पाचला उठत आलेली. आता सात वाजायचे, झोपायच्या खोलीचं दार बंद असायचं, डबा दोनदा विचारायचा, कुणी हिरवं बटण दाबायचं नाही, आणि खालच्या मजल्यावरच्या वकीलकाकांचा फोन वाजायचा. ते पायजम्यावर कोट चढवून धापा टाकत वर यायचे, त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडायचे, तर आई पलंगावर बसून चपला शोधत असायची. पहिल्या वेळी सगळे हसले. दुसऱ्या वेळी वकीलकाका म्हणाले, "वहिनी, तेवढं बटण दाबत चला." नंतर पुन्हा तेच झालं तेव्हा त्यांनी परस्पर दादाला फोन केला. "गैरसमज नको, पण मला वाटतं त्यांच्या लक्षात राहत नाही."

आई मला फोनवर म्हणाली, "चिमे, मी त्याच्यावर साडेनऊ लावते गं. रोज लावते. सकाळी बघावं तर सात."

"अगं, शेवटी ते 'ठीक' दाबायचं राहत असेल."

"दाबते."

"बरं, आज नीट बघून दाब."

दुसऱ्या दिवशी पुन्हा सात. पुन्हा वकीलकाका. त्यानंतर फोनवर आईने ती गोष्ट काढलीच नाही. मला हायसं वाटलं. चला, एक कटकट संपली, असं मी मनात म्हटलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दादा तिला स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. आईने सगळं बिनचूक सांगितलं. डॉक्टर म्हणाले, काही त्रास होतो का? तेव्हा ती म्हणाली, "एक गोष्ट मी केलेली मला स्वच्छ आठवते, आणि बघायला जावं तर ती केलेली नसते." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दादा म्हणतो, पेन ठेवण्याची ती पद्धत बघूनच त्याला सगळं कळलं. सुरुवात आहे, एकटं ठेवू नका, एवढंच ते म्हणाले.

तिथून पुढे आई झपाट्याने उतरली. गॅस बंद केला का, म्हणून अंथरुणातून उठून बघायची. पुन्हा उठायची. बाहेर जाणं तिने बंद केलं, वाट चुकली तर काय, म्हणून. दुकानात तिच्या हाताखाली शिकलेली एक बाई अजून अधूनमधून औषधांचं काही विचारायला यायची. तिला आईने सांगून टाकलं, "आता मला विचारत जाऊ नकोस. माझ्या सांगण्यावर कुणाला काही झालं तर?" आणि एक दिवस तिनेच दादाला कळवलं की मी तुझ्याकडे येते, हे घर देऊन टाक. दादाने तिच्यासाठी एक खोली रिकामी केली. भाड्याचं घर मालकाला परत द्यायचा दिवस ठरला.

सामान भरायला मी आदल्या शनिवारी गेले. दादा दुपारी गाडी घेऊन येणार होता. आठवडाभर ऑफिसात एका नव्या पानावरून रणकंदन चाललं होतं, डोळे चुरचुरत होते, आणि आता ही आवराआवर. आई खुर्चीत बसून मी काय काय भरते ते बघत होती. मधूनच विचारायची, "किल्ल्या तुला दिल्या ना मी?" दिल्या होत्या. माझ्या खिशात होत्या. मी तीनदा दाखवल्या.

थोड्या वेळाने ती उठली आणि डब्यापाशी जाऊन उभी राहिली.

"इकडे ये. आता मी साडेनऊ लावते. तू बघ. माझं कुठे चुकतं ते निदान जाण्याआधी कळू दे मला."

"आई, आता त्याचा काय उपयोग?"

"उपयोग नसू दे. बघ."

मी तिच्या मागे उभी राहिले. तिने वेळेचं पान काढलं, बाणाने आकडा चढवत नेला, साडेनऊला थांबली, चष्मा सरकवून पडदा एकदा वाचला, परत एकदा वाचला आणि 'ठीक' दाबलं. पडद्यावर साडेनऊ. माझ्यापेक्षा नीट केलं तिने.

"बरोबर?"

"बरोबर."

ती जाऊन बसली. मी पुस्तकांच्या खोक्यापाशी मांडी घातली. जिन्याकडचं दार सकाळपासून सारखं उघडं, खोली गारठलेली. उठायचा कंटाळा आला होता. खिशातून मोबाइल काढला, ॲपमध्ये ऊब दोन अंशांनी वाढवली आणि परत पुस्तकं भरायला लागले.

चहा करून झाल्यावर आई जाता जाता डब्यापाशी थांबली. तिथून हललीच नाही. कप तिच्या हातातच होता.

"चिमे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मी मघाशी लावलं होतं का गं?"

मी उठून गेले. पडद्यावर सात होते.

"लावलं होतंस. मी बघितलं."

"तू बघितलंस? की मी म्हटलं म्हणून म्हणतेस?"

"बघितलं, आई. माझ्या डोळ्यांनी."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी पुस्तकांच्या खोक्यावर ठेवलेल्या माझ्या मोबाइलकडे. मग डोक्यात लख्ख उजेड पडला.

ॲप मी सकाळी बसमध्ये उघडलं होतं. तेव्हाच त्याने आईच्या घराची पूर्ण नोंद वाचून घेतली होती, सकाळची वेळ सातची असलेली. मी ते बंद केलंच नव्हतं. मी काय, कुणीच करत नाही. नंतर आईने साडेनऊ लावले. मग मी ऊब वाढवली, आणि ॲपने काय केलं? उबेबरोबर सकाळची शिळी नोंद सगळीच्या सगळी परत पाठवली. सर्व्हरने जुनी पुसली, नवी ठेवली. आईचे साडेनऊ त्यात वाहून गेले. 'बदल करण्यापूर्वी ताजी नोंद वाचून घ्यावी.' ती ओळ जिने लिहिली, तिनेही ती वाचली नव्हती.

"पुन्हा लाव," मी म्हटलं.

आईने पुन्हा साडेनऊ लावले. ह्या वेळी मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि तिच्या नाकासमोर मोबाइल धरून फक्त दिव्याचं बटण दाबलं. डबा एकदा लुकलुकला. सात.

"हे मी केलं," मी म्हटलं. "आत्ता केलं आणि एवढे दिवसही मीच करत होते. मी दिवा लावला की तुझी वेळ पुसली जायची. दादाने ऊब वाढवली की पुसली जायची. तुझं कधीच चुकत नव्हतं. तू रोज लावत होतीस आणि आम्ही रोज पुसत होतो."

आईने कप हळूच डब्याखालच्या फळीवर ठेवला. मला वाटलं ती रडेल, नाहीतर चिडेल. मी दोन्हीला तयार होते. ती म्हणाली, "म्हणजे ते आठवत होतं ते खरं होतं."

"खरं होतं."

"डॉक्टरांसमोरसुद्धा?"

"तेव्हासुद्धा."

ती खुर्चीत बसली. मी तिच्यासमोर, पुस्तकांच्या खोक्यावर. मग मला सुचलं, की एवढ्या महिन्यांत आम्ही तिला बटणं कशी दाबायची ते सांगितलं, डॉक्टरांना दाखवलं, खोली रिकामी केली, पण एक साधी गोष्ट विचारायची राहिली.

"आई, साडेनऊच का गं?"

"काय?"

"साडेनऊ कशाला हवे होते तुला? तू तर पाचला उठणारी."

"पाचलाच जाग येते अजून." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "पण उठत नाही मी. पडून राहते. तुमचे डबे, दुकानाचं शटर, तुझ्या बाबांच्या गोळ्या... जन्मभर उठलेच की. आता वाटतं, कुणी हाक मारणार नाही, उजाडताना नुसतं बघत पडावं. ऊन कपाटापर्यंत यायला साडेनऊ होतात. तेवढं एक सुख होतं बघ मला. तर सातला हा मेला ओरडायचा, पाय गुडघ्यात धरलेले, हॉलमधल्या बटणापर्यंत पोचेपर्यंत वकीलभाऊ घरात. मी अशी केस विस्कटलेली, अंगात झोपायचे कपडे." ती थांबली. "लाज वाटायची गं."

आम्ही तिचे गुणधर्म कोळून प्यायलो होतो, तिचा आवाज किती, तिची ऊब किती, तिच्या खोलीत उजेड किती हवा ते सगळं आम्हाला ठाऊक होतं. ती सकाळी काय करते हे ठाऊक नव्हतं.

दादा आला तो जिन्यातूनच बोलत आला. गाडी चुकीच्या जागी लावलीय, पटापट करा, मोठी बॅग आधी. मी त्याला दारातच थांबवलं आणि सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. "असं कसं होईल? एवढी मोठी तुमची कंपनी, कुणीच तपासलं नाही?"

"तपासलं. एका माणसाने, एका मोबाइलवर. आईला दोन मुलं आहेत हे कुणी धरलंच नव्हतं."

"आणि मी ॲप कधी..."

"ॲप शेवटचं बंद कधी केलंस?"

"बंद? ते बंद करायचं असतं?"

मी आईला खूण केली. तिने साडेनऊ लावले. दादाने स्वतःच्या मोबाइलवर ऊब एका अंशाने वाढवली. पडद्यावर सात आले. त्याने आईला परत साडेनऊ लावायला सांगितले आणि पुन्हा करून बघितलं. पुन्हा सात. पुलाखाली उभं राहून वरचा तडा बघावा तसा तो मान वर करून त्या डब्याकडे बघत राहिला. मग तिथेच, भरलेल्या बॅगेवर, मटकन बसला.

"मी तुला डॉक्टरकडे नेलं," तो म्हणाला.

"प्रेमानेच नेलंस, बाळ्या," आई म्हणाली. त्याचं टक्कल पडलंय, पण ती त्याला बाळ्याच म्हणते. "मशीनचं चुकलं. तुझं काय चुकलं?"

"मी तुला विचारलंच नाही."

 

आम्ही दोघांनी ॲप मोबाइलमधून काढून टाकलं. ह्यापुढे आईच्या घरातलं जे काय बदलायचं ते आईच बदलेल. घर सोडण्याचं रद्द करायला दादाने तिथल्या तिथे घरमालकाला फोन लावला. मग बॅग उचलून परत आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि गाडी हलवायला खाली गेला. सगळं कसं मार्गी लागलं. मला इतका आनंद झाला होता की थकवाही विसरले होते. मी म्हटलं, "आता लाव तुझे साडेनऊ. कुणाची टाप आहे हात लावायची."

आई उठली. डब्यासमोर उभी राहिली. बोट बटणावर नेलं आणि तिथेच थांबली.

"लावू ना?" तिने मला विचारलं.

जिने आयुष्यात कुणाला विचारून काही केलं नाही, बाबांनाही नाही, दुकानाच्या मालकालाही नाही, ती माझ्याकडे मान वळवून उभी होती, शाळेतल्या मुलीसारखी.

"लाव की."

तिने लावलं. वाचलं. पुन्हा वाचलं. "राहिलंय ना?"

"राहिलंय."

ती परत येऊन बसली. बराच वेळ तिचं लक्ष त्या पडद्याकडेच होतं. मग म्हणाली, "तुला रजा मिळेल का चार दिवस? काही करायला नको. सगळं मीच करते. तू फक्त बघत राहा. मी काही केलं की नुसतं म्हण, केलंस. मला ते ऐकायची सवय होऊ दे."

मी राहिले. सोमवारी साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून पुढच्या खेपेला निघालं नाही. मफलरने त्याच आठवड्यात ती खूण बसवली. आता दुसऱ्या कुणी मधल्या काळात काही बदललं असेल तर सर्व्हर शिळी नोंद घेत नाही, आधी पुन्हा वाच म्हणतो. माझी ओळ मी सूचनांमधून काढून टाकली.

इकडे आई घरभर फिरायची आणि मी तिच्या मागे. गॅस बंद केला की मान वळवायची. "केलास," मी म्हणायचे. गोळी घेतली की वळायची. "घेतलीस." नळ, खिडकी, दिवा. मुलांच्या खेळासारखं वाटायचं, आणि मग तिचा चेहरा बघितला की वाटायचं नाही. सकाळी मात्र ती साडेनऊपर्यंत पडून राहायची. मी बाहेर खुर्चीत बसून राहायचे, दार वाजवायचे नाही. डबा गप्प, वकीलकाका त्यांच्या घरी. दुकानातली ती बाई आली तेव्हा आईने तिला आत घेतलं, चहा दिला, एका औषधाबद्दल सांगितलं, आणि ती गेल्यावर मला विचारलं, "बरोबर सांगितलं ना मी?" औषधातलं मला ओ की ठो कळत नाही. "बरोबर सांगितलंस," मी म्हटलं.

रजा संपली. निघताना आई दारापर्यंत आली. माझ्या स्वेटरचं बटण लावून दिलं, दर रविवारी ये म्हणाली, आता मी ठीक आहे गं, तू उगाच जीव जाळू नकोस म्हणाली. छान हसली. मी पायऱ्या उतरायला लागले. मागे दार बंद झालं, कडी सरकली, तिचा खणखणीत आवाज मी ऐकला.

मग दाराच्या आतून आई बोलली.

"चिमे, आहेस का अजून? कडी लावली ना मी?"

मी वळले, चार पायऱ्या चढून वर गेले आणि बंद दारासमोर उभी राहिले.

"लावलीस, आई."

"नक्की?"

"नक्की. मी ऐकलं."

मग तिची पावलं हळूहळू दारापासून लांब गेली, आणि मी तिथेच उभी राहिले, ती पुन्हा विचारायला आली तर कुणीतरी असावं म्हणून.